मापाचा हात : काडतुसांच्या हातभरणीचा इतिहास

१

सावंतवाडीजवळच्या एका खेड्यात माझे आजोळ होते. भातशेतीत रानडुकरे उतरत, म्हणून मामांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एक ठासणीची बंदूक होती. वर्षातील बहुतेक दिवस ती माजघराच्या भिंतीवर टांगलेली असे. भात पोटरीला आले की मामा ती खाली काढीत आणि ओटीवर बसून भरीत. पितळी मापाने दारू मोजायची, ती नळीत ओतायची, वर नारळाच्या काथ्याचा बोळा, मग छरे, पुन्हा काथ्या, आणि मग गजाने बेताने ठासायचे. या सगळ्या वेळात आम्हां मुलांना एकच ताकीद असे. ‘दारू मोजताना बोलूचा नाय.’ एरवी अखंड बोलणारे मामा त्या दोन-तीन मिनिटांत वेगळेच कोणी होऊन जात. पुढे बंदूक वाजो न वाजो, माझ्या स्मरणात राहिली ती ती शांतता.

ही आठवण अनेक वर्षांनी पुन्हा जागी झाली. एका परदेशी विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी वेगळ्याच कामासाठी गेलो होतो. तेथे एका कपाटात हातभरणीचे, म्हणजे शिकाऱ्याने आपली काडतुसे आपल्याच हाताने भरण्याच्या विद्येचे, अमेरिकन ग्रंथ ओळीने मांडलेले दिसले. मी बंदूकबाज नव्हे. हस्तलिखिते, पाठभेद आणि प्रक्षेप यांत माझे आयुष्य गेले. परंतु ते ग्रंथ चाळताना मला घरी आल्यासारखे वाटले. प्रत्येक पान म्हणजे कोणीतरी केलेल्या प्रयोगाची नोंद होती : कोणती पुंगळी, कोणती दारू, किती वजन, किती वेग, कोणत्या तारखेला, कोणत्या हवेत. एकाच काडतुसाच्या दहा जणांनी दहा प्रती केल्या होत्या आणि प्रत्येकाने आपला पाठ दुसऱ्याच्या पाठाशी ताडून पाहिला होता. संहितेची चिकित्सा याहून निराळी काय असते?

प्रस्तुत निबंधाचा विषय त्या विद्येची एक विशिष्ट शाखा आहे : लहान तोंडाच्या पण अतिवेगवान शिकारी रायफलींसाठी केलेली हातभरणी. ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत वाढली. तिची काही मुळे मात्र, आश्चर्य वाटेल, पण आपल्या भूमीत रुतलेली आहेत. वेगाचा हा इतिहास पाहता पाहता माझ्यासमोर एक जुना नैतिक प्रश्न उभा राहिला, आणि तोच या लेखनाचे खरे कारण आहे. हे काडतूस भरले कोणी? आणि ज्याने भरले, त्याच्यावर कोणते उत्तरदायित्व येते?

२

‘काडतूस’ हा शब्द मराठीला पोर्तुगिजांनी दिला. मूळ अर्थ कागदाची सुरळी असा. ही व्युत्पत्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण धातूची पुंगळी येण्यापूर्वी कित्येक पिढ्या काडतूस ही कागदाचीच वस्तू होती : मोजून घेतलेली दारू आणि एक शिशाची गोळी कागदात गुंडाळलेली. शिपायाने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने खाली ठासायची. म्हणजे मोजण्याचे काम एकाचे आणि ठासण्याचे दुसऱ्याचे. हाताची ही फाळणी झाली, तेथेच आपला प्रश्न जन्माला आला.

मात्र त्याआधी मापाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. नळीतून सुटलेल्या गोळीचा वेग किती, हे शतकानुशतके कोणालाच ठाऊक नव्हते. तो प्रथम विश्वासार्ह रीतीने मोजला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याने एक जड लाकडी लंबक टांगला, त्यावर गोळी झाडली आणि लंबक किती मागे गेला यावरून गोळीचा वेग काढला. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ साली प्रसिद्ध झाला आणि ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५मध्ये तो जर्मन भाषेत आणला. गोळी ध्वनीपेक्षाही वेगाने जाते आणि हवा तिला कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक अडवते, हे रॉबिन्सने दाखवून दिले. वेगाचे सगळे आधुनिक शास्त्र या लंबकापाशी सुरू होते. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची तटबंदी सुधारण्यासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. गोळीच्या वेगाचे पहिले माप घेणारा मनुष्य तमिळ किनाऱ्यावर निवर्तला, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात क्वचितच नोंदली जाते.

दुसरी घटना सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती आपल्या प्रश्नाच्या बाजूने क्वचितच पाहिली गेली आहे. १८५३च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल हिंदुस्थानी पलटणींत येऊ लागली, तेव्हा तिच्या कागदी काडतुसाला चरबीचे लेपन असे. ही चरबी कोणत्या प्राण्याची, याविषयीची कुजबुज १८५७च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथे प्रथम उघडपणे कानी आली. सरकारने तातडीने एक तोडगा काढला. काडतुसे बिनचरबीची द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे लेपन स्वतः लावावे. पुढे काडतूस दातांऐवजी हाताने फाडण्याचीही मुभा देण्यात आली. म्हणजेच सरकारने काडतुसाचा थोडासा भाग शिपायाच्या हाती परत दिला. पण तोवर उशीर झाला होता. २४ एप्रिल रोजी मीरतेत तिसऱ्या घोडदळाच्या ९० निवडक स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. आणि ती काडतुसे तर जुन्याच धर्तीची होती. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाच्या वाचकांना आठवत असेल की, उत्तरेकडे निघालेल्या त्या वरसईकर ब्राह्मणाच्या कानीही वाटेत हीच काडतुसांची कथा पडली होती.

इतिहासकारांनी या प्रकरणाचा विचार धर्माच्या, राज्याच्या आणि जमिनीच्या अंगाने केला, व तो योग्यच आहे. मला येथे एवढेच सुचवायचे आहे की, त्या नकाराच्या मुळाशी एक साधा मानवी प्रश्नही होता. जी वस्तू मी दातांनी फाडणार, ती कोणाच्या हातांनी घडली हे मला ठाऊक नाही. आणि जेथे हात अनोळखी असतो, तेथे विश्वास आज्ञेने निर्माण करता येत नाही.

३

पुढच्या दहा वर्षांतच कागदी काडतूस कालबाह्य झाले. पितळेच्या पुंगळीत दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी केप अशी तिन्ही अंगे एकत्र आली. काडतूस संपूर्णपणे कारखान्याची वस्तू बनले. शिपायाला वा शिकाऱ्याला आता भरण्याचे काहीच उरले नाही, असे कोणालाही वाटले असते. घडले मात्र उलटे.

त्याचे कारण एका सूक्ष्म तांत्रिक तपशिलात आहे. १८६६च्या सुमारास दोन प्रकारच्या केपा पुढे आल्या. अमेरिकन हायरम बर्डनच्या रचनेत पुंगळीच्या बुडाशी ऐरण कोरलेली असे आणि तिच्या बाजूंना बारीक छिद्रे असत. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सरच्या रचनेत ऐरण केपेतच बसवलेली आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र. दैवाचा खेळ असा की, अमेरिकनाची केप युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. मधल्या छिद्रातून एक साधी सळई घातली की वापरलेली बॉक्सर केप बाहेर पडते आणि नवी बसवता येते. बर्डनची केप काढणे किचकट. अमेरिकन शिकाऱ्याच्या हाती उडवलेली पुंगळी पुन्हा भरण्याजोगी आली ती या एका छिद्रामुळे. पितळ हा काडतुसातील सर्वांत महाग भाग. आणि तोच पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागला.

या सोयीचा पहिला मोठा उपयोग अभिमानाने सांगावा असा नाही. १८७०च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर कातड्यांच्या व्यापारासाठी बायसनांची कत्तल चालली होती. जवळचे दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर. म्हणून शिकारी शिसे आणि दारूची पिंपे गाडीत लादून नेत आणि रात्री शेकोटीपाशी बसून दुसऱ्या दिवसाची काडतुसे भरीत. १८८३च्या सुमारास ते अफाट कळप जवळजवळ नाहीसे झाले. हातभरणीच्या इतिहासकाराने हे पान उलटून पुढे जाता कामा नये. कौशल्य स्वभावतः निष्पाप नसते. ते ज्या हाती जाते, त्याचा स्वभाव घेते.

१८८४ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जॉन बार्लोने न्यू हेवन येथे आयडियल ही कंपनी काढली आणि हातभरणीची सांडशीसारखी सुटसुटीत हत्यारे घरोघर नेली. सोबत माहितीपुस्तिकाही येत. एका पिढीने आपले शिक्षण त्यांतूनच घेतले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू सिद्ध केली. काळ्या दारूच्या मानाने तिचे बळ सुमारे तिप्पट. काळी दारू पुंगळी काठोकाठ भरेतो ओतली तरी चाले. जुन्या हातांना तीच सवय होती. नव्या दारूत तीच सवय प्राणघातक ठरली. त्याच मापाने ती भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या, बोटे गेली, डोळे गेले. येथून पुढे डोळ्यांचा अंदाज संपला आणि तराजू आला.

या तराजूचे एकक ग्रेन. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅमचा. आपल्या सोनाराची गुंज भरते साधारण दोन ग्रेन. गुंजेच्या अंशाने सोने तोलणारा सोनार आणि ग्रेनाच्या दशांशाने दारू तोलणारा शिकारी यांची शिस्त एकच. फरक एवढाच की, सोनाराची चूक गिऱ्हाइकाच्या खिशाला लागते.

४

धूरविरहित दारूने लहान गोळीला मोठा वेग दिला. त्यामागचे गणित सोपे आहे. गोळीची ऊर्जा तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट; वेग दुप्पट केला तर चौपट. शिवाय वेगवान गोळीची वाट अधिक सपाट असते, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही.

या गणिताने झपाटलेला एक मनुष्य म्हणजे बफेलो शहरातील चार्ल्स न्यूटन. व्यवसायाने वकील, ओढ मात्र काडतुसांची. त्याच्या आखणीवरून सॅव्हेज कंपनीने १९१२मध्ये .२२ हाय-पॉवर हे काडतूस आणि १९१५मध्ये .२५०-३००० हे दुसरे काडतूस बाजारात आणले. दुसऱ्याच्या नावातील ३००० हा आकडा म्हणजे वेग, सेकंदाला ३००० फूट. न्यूटनला १०० ग्रेनांची गोळी हवी होती. तिला एवढा वेग येत नव्हता. कंपनीने गोळी ८७ ग्रेनांवर आणली, कारण ३००० हा आकडा जाहिरातीत शोभणारा होता. वेग हे साधन राहिले नाही, ते घोषवाक्य झाले. त्याचा हा आरंभ.

याच्या उलट वाटेने गेलेले लोक हातभरणीवाले होते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेच्या वर्तुळात टाउनसेंड व्हेलेन, ग्रोव्हनर वॉटकिन्स आणि अल वुडवर्थ यांनी १८८५ सालचे एक जुने, काळ्या दारूचे .२२ काडतूस हाती घेतले आणि त्यात नवी दारू व नवी गोळी घालून पाहिली. त्यातून .२२ हॉर्नेट, म्हणजे गांधीलमाशी, जन्मली. १९३० साली विंचेस्टर कंपनीने हे काडतूस विक्रीला काढले, तेव्हा ते उडवू शकेल अशी कारखान्यात बनलेली एकही रायफल बाजारात नव्हती. हौशी लोकांनी जुन्या रायफलींच्या नळ्या आपापल्या लोहारखान्यात बदलून घेतल्या होत्या. वाचक आधी जमले आणि ग्रंथ मागून छापला गेला, असेच म्हणावे लागेल.

अशा गैरकारखानी काडतुसांना अमेरिकेत ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. हे रानमांजर पकडण्याची रीत अशी : कारखान्याची एखादी पुंगळी घ्यायची, पोलादी साच्यातून दाबून तिचे तोंड अरुंद करायचे, कधी खांदा मागे सरकवायचा आणि तिच्या मापाची नळी कोरून घ्यायची. पुंगळी मोठ्या काडतुसाची, गोळी लहान; म्हणून वेग मोठा. न्यूटनच्या .२५०-३०००ची पुंगळी .२२पर्यंत अरुंद केली तर काय होईल, हा विचार १९३०च्या दशकात एकाच वेळी कितीजणांना सुचला याची मोजदाद करणे कठीण आहे. वॉटकिन्स त्यांपैकी एक. विंचेस्टरने त्याची कल्पना उचलली, पण पुंगळी बदलून नौदलाच्या जुन्या ६ मिलिमीटर ली काडतुसाची घेतली आणि १९३५ साली .२२० स्विफ्ट बाजारात आणले. ४८ ग्रेनांची, म्हणजे जेमतेम ३.१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ४११० फूट. ध्वनीच्या साडेतीनपटींहून अधिक. सेकंदाला ४००० फुटांची सीमा ओलांडणारे हे पहिले कारखानी काडतूस.

कारखान्याने नाकारलेला मूळ पाठ मात्र मेला नाही. .२५०च्या पुंगळीवरचे ते रानमांजर हौशी लोकांच्या तळघरांत जगत राहिले. जे. ई. गेबी या बंदूककाराने त्याची एक आवृत्ती ‘वार्मिंटर’ या नावाने रूढ केली आणि ते नाव आपल्याकडे राखून ठेवले. म्हणून इतरांनी त्याला नुसते ‘बावीस-अडीचशे’ म्हटले. सुमारे तीन दशके या काडतुसाला कारखाना नव्हता. ज्याला ते हवे, त्याने ते आपल्या हाताने घडवावे. १९६३मध्ये ब्राउनिंग कंपनीने त्याच्यासाठी रायफल काढली. तेव्हाही त्याचे कारखानी काडतूस मिळत नव्हते. अखेर १९६५ साली रेमिंग्टन कंपनीने ते स्वीकारले आणि त्याला आपले नाव जोडले : .२२-२५० रेमिंग्टन.

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ही कथा ओळखीची वाटेल. जात्यावरची ओवी कोणा एकीची नसते. दळता दळता ती घडते, एकीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांवर जाते, खडबडीत शब्द गळून पडतात. मग एके दिवशी ती छापली जाते आणि पुस्तकावर संपादकाचे नाव येते. रेमिंग्टनने काही चोरले असे मी म्हणत नाही. त्यांनी एक अनाथ काडतूस प्रमाण केले, सुरक्षित केले. पण नावाच्या मागे जे शेकडो अनामिक हात आहेत, त्यांची आठवण ठेवणे हे इतिहासाचे काम आहे.

५

या अनामिक हातांचे बळ दुसऱ्या महायुद्धात दिसले. कारखाने सैन्यासाठी राबू लागले. हौशी माणसाला गोळ्या, केपा, दारू मिळेनाशी झाली. अतिवेगवान गोळीला तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण लागते. नुसते शिसे त्या वेगात नळीत टिकत नाही. हे आवरण आणायचे कोठून? कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टनने १९४३ साली एक यंत्र केले. सरावासाठी उडवल्या जाणाऱ्या साध्या .२२ काडतुसांच्या फेकून दिलेल्या पुंगळ्या गोळा करून तो त्यांचीच आवरणे घडवू लागला. उकिरड्यावरचे पितळ पुन्हा गोळी झाले. ‘रॉक चक’ म्हणजे डोंगराळ भागातला मार्मोट. त्याच्या शिकारीसाठी गोळ्या घडवणाऱ्या या यंत्राच्या नावातील आद्याक्षरांवरून त्याच्या कंपनीचे ‘आरसीबीएस’ हे नाव पडले. आयडाहोतील व्हर्नन स्पीअर आणि नेब्रास्कातील जॉयस हॉर्नेडी यांनीही याच टाकाऊ पितळापासून आरंभ केला. पुढे या तिघांची नावे मोठी उद्योगनामे झाली.

युद्ध संपले आणि उलटे संकट आले. सरकारकडे दारूचे डोंगर उरले होते. कॅन्सस येथील ब्रूस हॉजडन या गृहस्थाने आपल्या आयुर्विम्यावर कर्ज काढून ५०,००० पौंड शिल्लक लष्करी दारू विकत घेतली. ती ठेवायला जागा नव्हती. म्हणून त्याने रेल्वेचा एक जुना डबा गुरांच्या कुरणात आणून उभा केला. तेथून डबे भरभरून ती दारू देशभर जाऊ लागली. युद्धाचा उरलेला दारूगोळा शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, कारकुनाच्या तळघरात पोचला.

मात्र दारूबरोबर मापही पोचावे लागते. लष्करी दारूच्या प्रत्येक उत्पादनाचा स्वभाव किंचित निराळा. एका पिंपासाठी योग्य असलेले वजन दुसऱ्यासाठी धोक्याचे. म्हणून वह्या आल्या. फिलिप शार्पचा हातभरणीवरील बृहद्ग्रंथ १९३७मध्येच प्रसिद्ध झाला होता. पण घरोघरच्या वह्या हा त्याहून मोठा ग्रंथ होता. त्यांतील नियमांचा गाभा एकच : कमीपासून आरंभ करा, एका वेळी एकच घटक बदला, प्रत्येक बदल लिहून ठेवा आणि पितळ काय सांगते ते पाहा. उडालेली पुंगळी हा हातभरणीवाल्याचा दस्तऐवज. केप चपटी झाली, बुडावर चकाकता ओरखडा आला, पुंगळी नळीतून काढताना अडली, तर दाब मर्यादेबाहेर गेला आहे असे समजावे आणि मागे यावे. मागे येणे हा या विद्येतला पराभव नव्हे, ती तिची पहिली अट आहे.

स्विफ्टची अपकीर्ती याच अंगाने समजून घेतली पाहिजे. ‘नळ्या खाणारे काडतूस’ म्हणून ते बदनाम झाले. प्रचंड उष्णतेचा वायू नळीच्या आरंभाशी, काडतुसाच्या घराला लागून, पोलाद खरवडतो, हे खरेच. पण त्याचे एक कारण त्या काळचे पोलाद आणि दुसरे म्हणजे ४११० या आकड्याचा हट्ट. ज्यांनी वेग थोडा उतरवला आणि नळी थंड होऊ दिली, त्यांच्या रायफली दीर्घकाळ टिकल्या आणि नेमही बहुधा सुधारला. कंपनीने आकडा विकला. हातभरणीवाल्याने तो सोडून देण्याचे शहाणपण कमावले. मला हा या सगळ्या इतिहासाचा मध्यबिंदू वाटतो. वेग कारखान्यालाही साधला. थांबायचे कोठे, हे हाताला कळले.

६

परंतु एवढ्यावर समाधान मानणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोळी कितीही निगुतीने भरली, तरी तिच्या वाटेच्या शेवटी एक जीव उभा असतो.

लहान वेगवान गोळ्यांचे हे जग प्रामुख्याने वुडचक, मार्मोट, कावळे यांच्यासाठी उभे राहिले. वुडचकच्या बिळांनी कुरणे पोखरतात. लक्ष्य छोटे, अंतर दोन-तीनशे यार्ड आणि आजूबाजूला वस्ती. म्हणून जमिनीवर आदळताच चुरा होणारी, उसळी घेऊन कोणाच्या अंगणात न जाणारी हलकी गोळी सोयीची ठरली. या प्राण्यांना तेथे एकच नाव आहे, ‘वार्मिंट’. म्हणजे ‘व्हर्मिन’, ज्याच्या मुळाशी कीटक वा कृमी असा लॅटिन शब्द आहे. एखाद्या उबदार रक्ताच्या जिवाला कृमी म्हटले की, त्याच्या वेदनेचा प्रश्न भाषेतच निकालात निघतो. हे केवळ तेथेच घडले असे नाही. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही ‘उपद्रवी’ प्राण्यांची एक स्वतंत्र अनुसूची होती. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली, तरी एखाद्या प्राण्याला तसे घोषित करण्याचा केंद्राचा अधिकार कायम आहे. नाव ठेवणे ही शिकारीतली पहिली गोळी होय.

दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे. वेगाने लहान गोळीला मोठे बळ मिळते. मग तिने मोठा प्राणी का मारू नये? चीनच्या फूच्येन प्रांतात अमेरिकन मिशनरी हॅरी कॉल्डवेल याने न्यूटनच्या .२२ हाय-पॉवरने वाघ मारले. आफ्रिकेत लहान तोंडाच्या .२७५ रायफलीने शेकडो हत्ती मारणारा डब्ल्यू. डी. एम. बेल उतारवयात स्कॉटलंडमध्ये सांबराच्या कुळातली लाल हरणे स्विफ्टने टिपत असे. पण बेलला प्राण्याच्या शरीराची रचना शल्यवैद्यासारखी ठाऊक होती. त्याचे अनुकरण करणाऱ्याला ती ठाऊक नसली, की जनावर जखमी होऊन झुडपात मरायला जाई. म्हणून इंग्लंडच्या १९६३च्या हरीण कायद्याने किमान मर्यादा घातली : तोंड .२४० इंचांहून लहान नको आणि ऊर्जा १७०० फूट-पौंडांहून कमी नको. सेकंदाला ४००० फुटांचा दिमाख कायद्याने हरणापुरता अपुरा ठरवला.

याच कायद्यात आणखी एक अट होती आणि ती आपल्याला पुन्हा डमडमला आणून सोडते. हरणासाठी गोळी मऊ वा पोकळ नाकाचीच हवी, म्हणजे शरीरात शिरल्यावर पसरणारी. अशा गोळीला तिचे कुप्रसिद्ध नाव डमडमच्या शस्त्रशाळेनेच दिले. १८९६च्या सुमारास कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने तेथे मऊ नाकाची गोळी बनवली. सरहद्दीवरच्या लढायांत तिची भीषणता दिसली आणि १८९९च्या हेग येथील घोषणापत्राने युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांना बंदी घातली. माणसाच्या बाबतीत जी गोळी क्रूर म्हणून वर्ज्य, तीच जनावराच्या बाबतीत दयाळू म्हणून सक्तीची. यात तर्क आहे. शिकारीत मृत्यू निश्चितच असतो. तेव्हा तो लवकर यावा. तरीही या दोन कायद्यांमधले अंतर मनाला टोचत राहते. ते टोचावे, असेच मला वाटते.

आपल्याकडे ही विद्या रुजली नाही, आणि तिच्या अभावाचा मला खेद नाही. १८७८च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदुस्थानी माणसाचे हात बांधले, ते परक्या सत्तेच्या भीतीपोटी. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या कायद्यातही परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. १९७२नंतर शिकारही संपली. वाघ-सांबरांच्या देशात हे योग्यच झाले. पण निषिद्ध झालेल्या विद्येतही शिकण्याजोगे काही उरते. आज आपण ज्या वस्तू वापरतो, खातो, अंगावर घालतो, एवढेच नव्हे तर जी मते उच्चारतो, त्यांतली किती आपल्या हातांनी भरलेली असतात? बहुतेक काडतुसे आयती येतात. त्यांवर कोणती चरबी आहे हे आपण विचारीत नाही, कागद दातांनी फाडतो आणि मोकळे होतो. मीरतेच्या ८५ स्वारांनी निदान विचारले तरी.

हातभरणीवाल्याजवळ सबब नसते. गोळी भलतीकडे गेली, नळी फुटली, जनावर तडफडले, तर बोट दाखवायला कारखाना नाही. माप त्याचे, वही त्याची, हातही त्याचा. मामांच्या ओटीवरची ती शांतता मला आता थोडी अधिक कळते. सहा-सात वर्षांच्या वयात वाटले होते की, बोलल्याने माप चुकेल एवढ्यासाठीच ते गप्प बसतात. आता वाटते, दारू मोजणाऱ्या माणसाला त्या क्षणी पलीकडच्या अंधारात उभे असलेले रानडुक्कर दिसत असावे. आणि त्याच्याविषयी जे काही ठरवायचे, ते त्यांना मापातच ठरवायचे होते. चाप ओढताना नव्हे.